गाय विकायच्या आधी

लातूर जिल्ह्यातल्या आमच्या देवणीच्या माणसाला पैशाची नड आली की त्याचं लक्ष आधी गोठ्याकडं जातं. गावाचं नाव लागलेल्या जातीची गाय, मग ती वानेरा असो, बालंक्या असो की शेवरा, बाजारात नेली की गिऱ्हाईक लागलंच. बायकोच्या बायोप्सीचा कागद घेऊन मी उदगीरहून घरी आलो, त्या संध्याकाळी माझाही हात दाव्याकडंच गेला होता. ओसरीवर बसलेली ती म्हणाली, "अहो, किती लागतील ते तरी आधी विचारून या."

तिचं ऐकलं म्हणून गाय राहिली. पण त्या पंधरवड्यात घाबरलेलं घर काय काय विकायला निघतं ते मी पाहिलं. जनावर, रस्त्याकडेचं रान, पोरीची शाळा, आजारी माणसाचा शब्द, आणि शेवटी सोबत करणाऱ्याची स्वतःची तब्येत. कॅन्सरच्या गाठीचा इलाज डॉक्टर करतील. ही विक्री थांबवायचं काम मात्र नवऱ्याचं किंवा बायकोचं आहे, आणि ते कुणी शिकवत नाही. आमच्या घरात आठ केमो झाले, एक ऑपरेशन झालं, पंधरा दिवस रेडिएशन झालं. घरात दोन लेकरं होती, थोरली आठवीत आणि धाकटा दुसरीत. त्यातून जे कळलं ते लिहितो. बाई आजारी असलेल्या घरावरच मला जास्त बोलता येईल. गडी आजारी पडला की हिशोब थोडा बदलतो, त्याचंही पुढं येईल.

पहिला आठवडा कागदांचा

महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आणि आयुष्मान भारत मिळून कुटुंबाला वर्षाला 5 लाख रुपयांपर्यंतचे उपचार आहेत. रेशनकार्ड पिवळं असो की केशरी, आणि आता पांढरंही चालतं. यात कॅन्सरचं ऑपरेशन, केमो आणि रेडिएशन येतं. पण दवाखाना योजनेत 'अंगीकृत' हवा, आणि तुमच्या आजाराचा जो उपचार ठरलाय तोच तिथं योजनेत हवा. एखाद्या ठिकाणी ऑपरेशन योजनेत असतं, पण रेडिएशनचं यंत्रच नसतं. म्हणून दाराशी बसलेल्या आरोग्यमित्राला आधी गाठा. ही योजना बिनपैशाची आहे. आधी पैसे भरून नंतर पावत्या दाखवायची पद्धत यात नाही, त्यामुळं भरती होतानाच कार्ड पुढं करा आणि पूर्वमंजुरी आली का ते विचारत राहा. शंका आली तर 155388 या नंबरवर विचारता येतं.

आमचं घोडं अडलं ते नावावर. आधारवर तिचं नाव एक, रेशनकार्डवर त्यातलं एक अक्षर वेगळं. असल्या एका अक्षरापायी आठवडा जातो. कागद जुळतात का ते आजच पाहा, आणि जुळत नसतील तर दवाखान्याची तारीख यायच्या आत दुरुस्तीला टाका.

योजनेत न बसणारा खर्चही असतोच. त्यासाठी मुख्यमंत्री सहायता निधी आहे. धर्मादाय ट्रस्टच्या मोठ्या दवाखान्यांना 10 टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि 10 टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. हे तिथल्या पाटीवर लिहिलेलं असतं, पण मागितल्याशिवाय मिळत नाही. मागायला लाज वाटली तर गाय आठवा.

प्रवासाचंही तसंच. एसटीत बायकांना 17 मार्च 2023 पासून अर्धं तिकीट आहेच. रेल्वेत उपचारासाठी जाणाऱ्या कॅन्सरच्या रुग्णाला स्लीपर आणि थ्री-टियर एसीचं भाडं पूर्ण माफ आहे, सोबतच्या एका माणसाला त्याच डब्यांत 75 टक्के सवलत आहे. त्याचा ठरलेला फॉर्म दवाखान्यातून सही-शिक्क्यासह घ्यावा लागतो. आपल्याकडून काही दिवशी बिदरची मुंबई गाडी उदगीरहूनच मिळते, नाहीतर लातूर गाठावं.

कुठं जावं, यावर गावात पन्नास मतं मिळतील. जवळचं लातूर. 1966 साली डॉ. अशोकराव कुकडे आणि त्यांच्या सोबत्यांनी उभं केलेलं विवेकानंद रुग्णालय तिथं आहे, आणि कॅन्सरवरचे उपचारही तिथं होतात. डॉ. कुकड्यांना 2019 मध्ये पद्मभूषण मिळालं. पुढं रेल्वेनं बार्शी. तिथल्या कॅन्सरच्या रुग्णालयाला सिनेमातल्या नर्गिस दत्त यांचं नाव आहे. छत्रपती संभाजीनगरला शासकीय कर्करोग रुग्णालय आहे, आणि मुंबईला परळचं टाटा, 1941 पासून. आपण सीमेवरची माणसं, त्यामुळं कुणी बिदर सुचवतं, कुणी हैदराबाद. जायला हरकत नाही, पण आपलं कार्ड तिथं चालतं का ते निघायच्या आधी विचारा.

माझं मत विचाराल तर इलाजाचा आराखडा मोठ्या ठिकाणी ठरवून घ्यावा आणि डॉक्टरांना स्पष्ट विचारावं, "यातलं काय काय लातूरला करता येईल?" केमोच्या सलाईन बऱ्याचदा जवळ घेता येतात. दर 21 दिवसांनी मुंबई म्हणजे घर निम्मं बंद. रेडिएशनचं वेगळं, ते आठवड्याचे पाच दिवस आणि सलग काही आठवडे चालतं. त्या काळात तिथंच राहावं लागतं. परळजवळ नाना पालकर स्मृती समिती आहे, दादरला गाडगे महाराजांच्या नावाची धर्मशाळा आहे. जागा मिळायला दवाखान्याची चिठ्ठी लागते आणि नंबर लावावा लागतो, म्हणून तारीख कळली त्याच दिवशी सोय बघायला लागा.

दुसऱ्या दवाखान्यात जाताना नुसता रिपोर्ट पुरत नाही. बायोप्सीचा मेणातला तुकडा, म्हणजे 'ब्लॉक', आणि काचेच्या स्लाइड लॅबमधून मागून न्या. नाहीतर सुई पुन्हा टोचावी लागते.

तिचा शब्द

डॉक्टरांच्या खोलीत एक गोष्ट घडते. पेशंट समोर बसलेली असते आणि सगळे नवऱ्याशी बोलतात. नवराही मान डोलावतो. बाहेर आलं की सासू विचारते, "तिला सांगितलं नाही ना?" आमच्या भागात तर रोगाचं नावसुद्धा घेत नाहीत, 'ती बिमारी' म्हणतात. तिला सगळं कळलेलं असतं, फक्त तिच्याशी कुणी बोलत नाही.

मी पहिल्या दोन भेटींत हेच केलं. तिसऱ्या भेटीच्या आदल्या रात्री तिनं पोरीच्या वहीच्या मागच्या पानावर स्वतःचे प्रश्न लिहून काढले. स्तन पूर्ण काढायचा की नुसती गाठ? काढला तर हात वर जाईल का? विहिरीवरून घागर आणता येईल का? डॉक्टरांनी तिच्याकडं वळून एकेका प्रश्नाचं उत्तर दिलं. तेव्हापासून वही तिची आणि फाईल माझी. तुम्हीही असंच वाटून घ्या. लेकरं अजून हवी असतील तर तो प्रश्न पहिल्या केमोच्या आधीच विचारायला हवा, नंतर उशीर होतो. आणि इलाज चालू असताना दिवस राहता कामा नयेत, हे जोडप्यानं एकत्र बसून डॉक्टरांकडून समजून घ्यावं. लाजण्याची ही वेळ नाही. एका अंथरुणावर झोपायला, जवळ घ्यायला काहीही अडचण नसते. बाहेरून दिलेल्या रेडिएशननं, ज्याला आपल्याकडं कुणी 'लाईट' तर कुणी 'शेक' म्हणतं, पेशंटच्या अंगातून काही बाहेर येत नाही.

गावात कुणाला सांगायचं आणि कुणाला नाही, हेही तिला विचारून ठरवा. मी न विचारता साडूला फोन केला होता. त्यावरून तिचं ऐकून घ्यावं लागलं आणि ते रास्तच होतं.

केस पहिल्या केमोनंतर दोन-तीन आठवड्यांत जातात. उशीवर दिसायच्या आधीच ते बारीक करून घ्यायचे की नाही, हाही निर्णय तिचाच.

लेकरांना काय सांगायचं

लहान पोराला वाटतं, मी हट्ट केला म्हणून आई आजारी पडली. त्याला तीन गोष्टी साध्या शब्दांत सांगितल्या की पुष्कळ होतं. आईच्या छातीत गाठ आहे, तिला कॅन्सर म्हणतात. तुझ्यामुळं ती झालेली नाही. खोकल्यासारखी ती कुणाला लागत नाही. आमचा धाकटा मधेच आईच्या ताटातलं खाईना. शाळेत कुणीतरी 'लागतं' म्हणून सांगितलं होतं. मी वर्गशिक्षकांना भेटलो, आणि ते मी पहिल्याच आठवड्यात करायला हवं होतं. वर्गात कांजण्या किंवा गोवर निघाला तर घरी लगेच कळवा, एवढंही त्यांना सांगून ठेवा, कारण केमोच्या काळात ते आईला झेपत नाही. घरात तान्हं लेकरू असेल आणि पोलिओचा डोस आला तर द्यायच्या आधी आईच्या डॉक्टरांना विचारून घ्या.

"आई मरणार का?" हा प्रश्न एक दिवस येतोच, बहुधा रात्री दिवा मालवल्यावर. "काही होत नाही" म्हणू नका. उद्या काही झालं तर तुमचा शब्द गेला. मी म्हणालो, "डॉक्टर लई चांगलं औषध देत आहेत. काही बदललं तर तुला मी सांगीन, बाहेरचं कुणी नाही." तो झोपला. मला झोप लागली नाही, ते वेगळं.

थोरल्या मुलीचं प्रकरण अवघड. आई आडवी झाली की घर न बोलता तिच्या अंगावर येतं. भाकरी, धुणं, भावाची शाळा. महिनाभरात तिची शाळा बुडायला लागली आणि मला ते दिसलंही नाही, कारण घर चालू होतं! घर सांभाळणारे गडीही असतात. पुण्यात लेखक अनिल अवचटांची बायको, मानसोपचारतज्ज्ञ डॉ. अनिता अवचट, स्तनाच्या कॅन्सरनं 1997 साली गेली. बायको नोकरी करत होती आणि अवचट मुलींचं आणि घराचं बघायचे, आजार यायच्या कितीतरी आधीपासून. त्यांना स्वयंपाकघर नव्यानं शिकावं लागलं नसणार. मला शिकावं लागलं. पहिल्या आठवड्यात माझी भाकर तव्यावर कमी आणि परातीत जास्त चिकटायची. शेजारची अक्का हसली आणि पाण्याचं प्रमाण दाखवून गेली. पुरुषांनो, जवारीची भाकर पंधरा दिवसांत येते. मुलीचं आठवीचं वर्ष परत येत नाही.

याहून मोठा धोका पुढंच होता. तिसऱ्या केमोच्या वेळी एक सोयरे आले, चहा पिऊन म्हणाले, "आईच्या डोळ्यांदेखत पोरीचं उरकून टाका. स्थळ आहे." पोरगी चौदा वर्षांची. बोलणाऱ्याच्या मनात वाईट नव्हतं. आमच्याकडं आजारी आईला असंच समाधान द्यायचा रिवाज आहे. तेवढ्यात आतून तिचाच आवाज आला, "माझे डोळे उघडे आहेत तोवर तर नाहीच." तुमच्या घरी असा पाव्हणा येईल, तेव्हा उत्तर तयार ठेवा. अठराच्या आतलं लग्न 2006 च्या कायद्यानं गुन्हा आहे, गावात ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, आणि 1098 हा लेकरांसाठीचा नंबर आहे. घरातलीच थोरली माणसं अडून बसली तर या तिन्हींचा उपयोग होतो.

ताप

बाकी सगळं विसरलात तरी चालेल, पण हे घरात भिंतीवर लिहून लावा. केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात रक्तातल्या पांढऱ्या पेशी उतरतात. त्या दिवसांत 100.4 फॅरनहाइट किंवा जास्त ताप आला, किंवा थंडी वाजून अंग कापू लागलं, तर ती तातडीची वेळ आहे. पॅरासिटामॉलची गोळी देऊन सकाळची वाट पाहायची नाही. गावातल्या डॉक्टरकडून एक इंजेक्शन घेऊन झोपायचं नाही. तासाभरात शिरेतून अँटिबायोटिक सुरू होईल अशा दवाखान्यात पोचायचं.

देवणीत रात्री दोनला हे करायचं तर तयारी दिवसा करावी लागते. उदगीर किंवा लातूरचा कोणता दवाखाना केमोचा पेशंट रात्री घेतो, हे उपचार करणाऱ्या डॉक्टरांकडून आधीच लिहून घ्या. गल्लीतल्या जीपवाल्याला सांगून ठेवा. 108 ची ॲम्ब्युलन्स आहेच. थर्मामीटर दोन ठेवा, एक फुटतोच. पिशवीत फाईल, कार्ड, चार्जर, एक जोडी कपडे आणि थोडे रोख पैसे भरून ती दारामागं टांगा. लेकरांपाशी कोण झोपायला येईल, तेही ठरलेलं हवं. आमची पिशवी दोनदा उतरली. पाचव्या केमोनंतर पहाटे निघालो, पोरं अक्काकडं, आणि उजाडायच्या आत तिला सलाईन लागलं होतं.

जेवणाचं थोडक्यात. पाणी उकळून, अन्न ताजं आणि पूर्ण शिजलेलं, कच्ची कोशिंबीर त्या दिवसांत नको, फळ सोलून. तोंड आलं तर मीठ-सोड्याच्या कोमट पाण्यानं गुळण्या. फोडणीचा वास सहन होत नाही, म्हणून फोडणी ती बाहेर बसलेली असताना करा किंवा विना फोडणीचं वरण द्या. अंडी, दूध, मूग, शेंगदाण्याचं कूट, ज्यात जीव आहे ते थोडं थोडं सहा वेळा. आमच्याकडं तिला दोन महिने फक्त पातळ येसर गोड लागला. लागला तर लागू द्या. केमोनंतरचे दोन दिवस उलटी किंवा लघवीचे कपडे हातमोजे घालून वेगळे धुवा, कारण औषध अंगातून बाहेर पडत असतं.

आणि सल्ले. देवणी हे गाईचं गाव, त्यामुळं गोमूत्राची बाटली घेऊन येणारा घरापासून शंभर पावलांवर भेटतो. कुणी साखर बंद करायला सांगतो, कुणी दूध, कुणी 'चाकू लागला की पसरतं' म्हणून ऑपरेशनच नको म्हणतो. बायोप्सीनं कॅन्सर पसरतो या समजुतीपायी माणसं महिनोन् महिने घरी बसतात आणि बरी होणारी गाठ हाताबाहेर जाते. भांडू नका. "डॉक्टरांना विचारून देतो," म्हणा, आणि खरंच विचारा. काही जडीबुटी केमोच्या औषधाशी आणि यकृताशी वाकडं घेतात.

येणारा प्रत्येक जण जाताना म्हणतो, "काही लागलं तर सांगा." आपण म्हणतो, "हो हो." आणि कुणी काही सांगत नाही. त्याऐवजी काम हातात द्या. अमुक दिवशी धाकट्याला शाळेतून आणा. दर बुधवारी गोठा बघा. बचत गटातल्या बायकांनी केमोच्या आठवड्यात संध्याकाळच्या डब्याची पाळी लावली, आणि सोयाबीनच्या राशीला मी चक्क इर्जिक मागितली, म्हणजे सगळ्यांनी मिळून एकाचं काम उरकायचं. एका दिवसात रान मोकळं झालं. जी माणसं घरी येऊन 'कसं झालं, काय झालं' करत तिचा जीव खायची, तीच रानात गप्प राहून राबली. सात ते चौदाव्या दिवसांत मात्र भेटी बंदच. दाराला पाटी लावली तरी कुणी रागावत नाही, रागावला तर रागावू द्या.

गडी आजारी पडतो तेव्हा बाईच्या वाट्याला हे सगळं येतंच, शिवाय असा व्यवहार येतो जो तिला कुणी कधी दाखवला नव्हता. पीककर्जाचं नूतनीकरण कधी, विम्याचा कागद कुठं, बँकेत वारस कोण, मोबाईलवरून पैसे कसे पाठवायचे, सातबारा कुठून काढायचा. मालक बोलू-चालू शकतोय तोवर शांतपणे एका दुपारी बसून हे लिहून काढा आणि खातं जोडनावावर करून घ्या. त्याला मरणाची तयारी समजून घर बिचकतं. मग पेरणीच्या तोंडावर बाई बँकेच्या दारात नुसती उभी राहते. आणखी एक सांगतो. मी भाकरी करायला लागलो तर गल्लीनं माझं कौतुक केलं. आजारी नवऱ्याचं करता करता शेतही सांभाळणाऱ्या बाईला आमच्या गावात कुणी असं म्हटलेलं मी ऐकलेलं नाही.

सोबत करणारा पहिले तीन महिने पळतो, चौथ्यात कोसळतो. माझा रक्तदाब त्या वर्षी पहिल्यांदा वाढलेला सापडला, तोही तिच्या डॉक्टरांनी सहज मोजला म्हणून. आठवड्यात अर्धा दिवस कुणीतरी तिच्यापाशी बसेल आणि तुम्ही रानात जाऊन नुसते बांधावर बसाल, एवढी सोय करा. रात्र रात्र झोप येत नसेल, रडू येत असेल, तर 14416 वर टेलिमानसची माणसं मराठीतही बोलतात. आणि तंबाखू. दवाखान्याच्या पायरीवर बसून मळणारे निम्मे जण पेशंटचे नातेवाईक असतात, मीही होतो. 1800-11-2356 वर सोडायला मदत मिळते.

बार्शीच्या रुग्णालयाला ज्यांचं नाव आहे त्या नर्गिस 3 मे 1981 ला कॅन्सरनंच गेल्या. नवरा सुनील दत्तांनी त्यांना इलाजासाठी न्यूयॉर्कपर्यंत नेलं होतं, तीन लेकरं होती, थोरल्याचा पहिला सिनेमा त्याच आठवड्यात लागायचा होता. एवढं करूनही माणूस जातो, हे ज्यांच्या घरी घडेल त्यांना मी काय सांगणार? एवढंच सांगतो, की दुखणं थांबवण्याचे उपचार, ज्याला पॅलिएटिव्ह केअर म्हणतात, शेवटासाठी राखून ठेवू नका. वेदना आहे तिथं ते पहिल्या दिवसापासून मागता येतात. मॉर्फीनच्या गोळ्या डॉक्टरांच्या चिठ्ठीवर मिळतात, आणि त्या नीट घेतल्या तर व्यसन लागेल ही भीती नको.

इलाज संपला म्हणजे ती दुसऱ्या दिवशी उठून कामाला लागेल, असं घर धरून चालतं. थकवा सहा-सहा महिने राहतो. डबे बंद होतात, पाव्हणे यायचे थांबतात आणि नेमकी तेव्हाच ती रडते. पहिली दोन-तीन वर्षं दर तीन ते सहा महिन्यांनी तपासणी असते, आणि त्या आधीचा आठवडा घरात कुणी नीट बोलत नाही. तो आठवडा राशीत किंवा परीक्षेत येऊ नये म्हणून तारीख मागतानाच सांगा.

काखेतल्या गाठी काढल्या असतील तर त्या हातावर घागर नको, सुई नको, आणि हात सुजतोय का ते पाहत राहा. व्यायाम मात्र रोज. भिंतीला तोंड करून उभं राहायचं आणि बोटांनी चालल्यासारखं हात वर न्यायचा, जिथपर्यंत जाईल तिथं खूण करायची. आमच्या घरात लेकरांची उंची दरवाजाच्या चौकटीवर पेन्सिलनं मारलेली आहे. तिनं स्वतःच्या खुणा तिथंच मारायला सुरुवात केली, शेजारी तारीख घालून. पहिली रेघ धाकट्याच्या डोक्याच्या खाली होती. थोरलीच्या वर जायला तिला दोन महिने लागले, आणि तोवर थोरली आणखी वाढली होती.